भरती-ओहोटीच्या वेळापत्रकाने : तुकोगंज ते वेळास

आमच्या तुकोगंजात पाऊस पडला म्हणजे त्याचे पाणी समुद्राला मिळते खरे, परंतु आपल्या अरबी समुद्राला नव्हे. कान्ह नदीतून ते क्षिप्रेला जाते, क्षिप्रेतून चंबळेला, चंबळेतून यमुनेला आणि शेवटी गंगेच्या ओघाबरोबर पूर्वेच्या उपसागराला. होळकरांच्या तुकोजीरावांचे नाव धारण करणाऱ्या या वस्तीतील मराठी मुलामुलींचेही काहीसे तसेच झाले आहे. आजोबा-पणजोबा पश्चिमेकडून आले. नातवंडांच्या बोलण्याचा ओघ मात्र हळूहळू दुसरीकडे वळला. त्यांच्यातील अनेकांनी समुद्र पाहिलेला आहे तो केवळ पडद्यावर. अशा तरुण मंडळींनी यंदा आमच्यापुढे एक मागणी ठेवली : कोकणच्या किनाऱ्याने गाडीने प्रवास करावा, वाटेत डोंगर-किल्ले चढावेत, रात्री राहुट्यांत राहावे आणि अखेरीस जुन्या गोव्यास जाऊन संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांपुढे गुडघे टेकावेत.

मागणी चांगली होती. देवाने निर्मिलेली सृष्टी पाहण्याची इच्छा तरुणांच्या मनात उत्पन्न व्हावी यात वावगे ते काय? तथापि तिच्याबरोबर जो कागद आला तो पाहून आमचे वडीलधारे धर्मग्रामस्थ चिंतेत पडले. एकंदर सात दिवस! त्यात इंदूरहून मुंबई, मुंबईहून गोवा, गोव्याहून पुन्हा इंदूर. रोज चारशे-पाचशे किलोमीटर धाव, आणि रात्री जेथे अंधार पडेल तेथे वाळूवर मुक्काम. आयांनी साफ नकार दिला. मुली तर नाहीतच, पण मुलांनाही धाडणार नाही असे त्यांचे म्हणणे पडले. मुलांना वाटले, ही जुन्या माणसांची भीती. वास्तविक ती भीती नव्हती, तो हिशेब होता. बुरूज बांधू पाहणाऱ्याने आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, नाहीतर पाया घालून काम अर्धवट राहते आणि लोक हसतात, असा दृष्टान्त आपल्या प्रभूने दिलेला आहे. किनाऱ्यावरील प्रवासात तर लोकांच्या हसण्याहून कितीतरी मोठी हानी होऊ शकते.

यास्तव आम्ही तो कागद नव्याने लिहावयास बसलो. त्या कामी जे शिकावयास मिळाले ते या साप्ताहिकाच्या वाचकांपुढे ठेवीत आहोत. कारण आज गावोगावचे युवक अशा सहलींचे बेत करीत आहेत, आणि आपल्यापैकी अनेक कुटुंबे ज्या वाड्यांत राहतात तेथे असे पाहुणे येत आहेत.

खोडण्यापासून आरंभ

प्रवासाची आखणी म्हणजे काय काय पाहावयाचे याची यादी करणे, असा सर्वसाधारण समज आहे. आमच्या मते आखणी म्हणजे मुख्यतः काय खोडावयाचे हे ठरविणे. नकाशावर रेवसपासून रेडीपर्यंतचा सागरी मार्ग एका बोटाने सहज आक्रमिता येतो. प्रत्यक्षात सह्याद्रीतून उतरलेल्या नद्या ठायीठायी खाड्या होऊन त्या मार्गास अडवितात. कोठे पूल आहे, कोठे नाही. जेथे नाही तेथे फेरीबोटीची वाट पाहावी लागते. कोकणात या मोटारी वाहून नेणाऱ्या बोटींना 'जंगलजेटी' म्हणतात. आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेश्वी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड अशा खाड्या या बोटींनी ओलांडता येतात. रस्ता अरुंद, वळणावळणाचा. डोंगर चढला की उतरावयाचा आणि उतरला की खाडी. अशा रस्त्याने रोज शेकडो किलोमीटर जावयाचे म्हणजे चालकाचा जीव काढावयाचा, आणि बाकीच्यांनी समुद्राऐवजी समोरच्या आसनाची पाठ पाहावयाची.

म्हणून प्रथम खोडले ते गोवे. खोडताना मुलांच्या डोळ्यांत पाणी आले. आम्ही त्यांना एवढेच सांगितले की संत फ्रान्सिस १५५२ सालच्या ३ डिसेंबर रोजी चीनच्या उंबरठ्यावर, शांगच्वान बेटावर निवर्तले. ज्या देशी जाण्याची आस होती तेथे त्यांचे पाऊल पडलेच नाही. तरी त्यांची यात्रा अपुरी राहिली असे कोणी म्हणत नाही. गोव्याची यात्रा आपण स्वतंत्रपणे, त्या यात्रेला साजेशा मनाने करू.

मग उरले काय? दहा दिवस, सतरा आसनांची एक गाडी आणि मांडव्यापासून वेळासपर्यंतचा जेमतेम दीडशे किलोमीटरांचा किनारा. इंदूरहून जाण्यायेण्याचे अंतर धरून सारा प्रवास दीड हजार किलोमीटरांच्या आसपास भरतो. त्यातील या दीडशे किलोमीटरांसाठी आम्ही पाच दिवस राखून ठेवले आहेत. हे प्रमाण पाहून चालकमहाशय प्रथम हसले, आणि मग म्हणाले की एवढा शहाणा बेत त्यांनी क्वचितच पाहिला.

ऋतू आणि तिथी

प्रेषितांच्या कृत्यांत संत पौलाच्या रोमच्या प्रवासाची हकीगत आहे ती वाचकांना स्मरत असेल. शरदातील उपवासाचा दिवस उलटून गेला होता, समुद्रप्रवासाचा ऋतू संपत आला होता. आता पुढे गेलो तर नुकसान होईल, असे पौलाने बजावले. परंतु तांडेल आणि जहाजाचा मालक यांना अधिक सोयीच्या बंदरात हिवाळा काढावयाचा होता. मंद दक्षिणवारा सुटला तेव्हा आपला हेतू साधला असे त्यांना वाटले, आणि लवकरच वादळाने गाठले. दोनशे शहात्तर माणसे देवाच्या कृपेने वाचली, जहाज मात्र गेले. ऋतूचे ऐकणे हा भित्रेपणा नव्हे, हा त्या अध्यायाचा धडा आम्ही मुलांसमवेत वाचला.

कोकणात जून ते सप्टेंबर हा समुद्रापासून दूर राहण्याचा काळ. कोळी बांधवसुद्धा जून-जुलैत यांत्रिक होड्या काढीत नाहीत, शासनाचीही तशी बंदी असते. नाताळच्या सुटीत किनाऱ्यावर माणसांची इतकी दाटी होते की राहुटी ठोकावयास जागा नाही आणि शांतता तर नाहीच नाही. शिमग्याला कोकणचा माणूस आपल्या घरी परततो. त्या दिवसांत त्याच्या अंगणात परक्यांनी गर्दी करू नये. यास्तव आम्ही माघी पौर्णिमा हा निघण्याचा दिवस धरला. शाळकरी मुलांच्या परीक्षा तेव्हा जवळ आलेल्या असतात, म्हणून ही सहल शाळा सोडून कामधंद्यास लागलेल्यांची.

पौर्णिमाच का? येथे कोळ्यांचे जुने गणित कामी येते. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली म्हणजे मुंबईच्या किनाऱ्यावरील भरतीची वेळ निघते. पंचमीला पाच गुणिले पाऊण, म्हणजे पावणेचार. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा ते बारा. पक्ष बदलला की पुन्हा प्रतिपदेपासून मोजावयाचे. भरतीनंतर सुमारे सव्वासहा तासांनी ओहोटी, आणि दर दिवशी ही वेळ सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते. पौर्णिमा व अमावास्येच्या आसपास उधाण असते. तेव्हा पाणी खूप चढते आणि तितकेच दूर हटते. अष्टमीच्या सुमारास भांग असतो. तेव्हा चढउतार थोडा. दक्षिणेकडे वेळ थोडीफार बदलते, म्हणून छापील वेळापत्रक जवळ ठेवावे आणि त्याहूनही गावातील कोळ्याला विचारावे. परंतु आखणीस हे गणित पुरते.

आता पाहा. पौर्णिमेला निघालो तर चतुर्थीला आम्ही अलिबागेस असू. त्या दिवशी भरती पहाटे तीनच्या सुमारास, म्हणून ओहोटी सकाळी सव्वानऊच्या आसपास. उधाणाचा जोर अजून पुरता ओसरलेला नसतो, पाणी चांगले मागे हटते, आणि ऊनही चढलेले नसते. पाण्यातल्या कुलाबा किल्ल्याकडे पायी जावयास याहून योग्य वेळ कोणती? चंद्राकडे पाहून प्रवास आखणे ही आपल्या आजोबांची रीत होती. आपल्या पुनरुत्थानाच्या सणाची तारीखही तर ख्रिस्तसभा पौर्णिमेवरूनच ठरविते.

घाट उतरताना

पहिल्या दिवशी पवित्र मिस्सा होताच निघावयाचे. इंदूर हे पठारावरचे नगर. समुद्राला मिळण्यापूर्वी तीन पर्वत उतरावे लागतात. महूच्या पुढे मानपूरच्या घाटात विंध्य उतरतो, आणि तेथून पाणी पश्चिमवाहिनी नर्मदेकडे वळते. महू ही डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांची जन्मभूमी. १८९१ साली ते येथे जन्मले. खलघाटास नर्मदा ओलांडावयाची. सेंधव्याच्या पुढे बिजासनीच्या घाटात सातपुडा आणि त्याबरोबर महाराष्ट्राची सीमा. शिरपूरजवळ तापी. मग धुळे, मालेगाव आणि चांदवड. चांदवडास पुण्यश्लोक अहिल्याबाईंचा रंगमहाल आहे. इंदूरच्या मुलांनी तो पाहिला म्हणजे आपले नगर व महाराष्ट्र यांचे नाते पुस्तकाशिवाय समजते. रात्रीचा मुक्काम नाशिकला. चारशेहून अधिक किलोमीटरांचा हा एकच लांबचा दिवस, म्हणून चालक दोन, आणि अंधारात घाट नाही.

दुसऱ्या दिवशी नाशिकरोडच्या बाळ येशूच्या तीर्थस्थानी प्रार्थना करून कसाऱ्याचा घाट उतरावयाचा आणि संध्याकाळपर्यंत वसई गाठावयाची. तिसरा दिवस पूर्णपणे वसईचा. तो समुद्रासाठी नाही, माणसांसाठी आहे. भारतात जन्मलेले पहिले संत, गोन्सालो गार्सिया, हे वसईचे. १५९७ सालच्या ५ फेब्रुवारी रोजी जपानच्या नागासाकी येथे ते क्रुसावर हुतात्मा झाले आणि १८६२ साली नववे पायस यांनी त्यांना संतपद दिले. संत फ्रान्सिस झेवियर यांचे पायही या भूमीला लागलेले आहेत. किल्ल्यातील भग्न देवळांच्या भिंती पाहताना १५३४ साली आलेली पोर्तुगीज सत्ता आणि १७३९ सालचा चिमाजीअप्पांचा विजय, दोन्ही आठवावेत. आणि हेही आठवावे की सत्ता गेली, तरी विश्वास वाडीवाडीतून राहिला आणि तो मराठी बोलत राहिला. याच मातीतले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुबोध बायबल' मराठीला दिले आणि २०२० साली उस्मानाबादेस भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले. २०२४ साली ते प्रभूच्या घरी गेले. आमच्या मुलांनी हा एक दिवस वसईच्या घरांत जेवावे, तेथील आजीबाईंची बोली ऐकावी आणि आपली अडखळती मराठी न लाजता बोलावी, एवढाच त्या दिवसाचा कार्यक्रम.

पाच दिवसांचा किनारा

चौथ्या दिवशी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून गाडीसह बोटीने मांडवा. ही सेवा २०२० साली सुरू झाली. तिच्यामुळे पनवेलचा लांब वळसा वाचतो. पाचव्या दिवशी, म्हणजे चतुर्थीला, वर सांगितल्याप्रमाणे ओहोटीला कुलाबा किल्ला. शिवछत्रपतींच्या अखेरच्या काळात, १६८० च्या सुमारास, त्याची उभारणी सुरू झाली आणि पुढे आंग्र्यांच्या आरमाराचे ते ठाणे झाले. तेथे नियम एकच : परतण्याची वेळ जाण्यापूर्वी ठरवावयाची. पाणी चढू लागले आणि निम्मे किल्ल्यात राहिले, असे होता कामा नये.

तेथून रेवदंड्यावरून कुंडलिकेचा पूल ओलांडून कोर्लई. हे गाव आपल्या वाचकांना ठाऊक असावयास हवे. येथील ख्रिस्ती कुटुंबे घरात एक वेगळीच बोली बोलतात. पोर्तुगीज आणि मराठी यांच्या संसारातून ती जन्मली. १७४० साली पोर्तुगीज येथून गेले, राज्ये बदलली, पण चुलीपुढची ती भाषा पावणेतीनशे वर्षांहून अधिक काळ तग धरून आहे. शेजाऱ्यापाजाऱ्यांशी बोलताना हीच माणसे अस्खलित मराठी बोलतात. आपल्या घरची भाषा टिकत नाही अशी कुरकूर करणाऱ्या आमच्या इंदूरच्या पालकांना आम्ही नेहमी कोर्लईकडे बोट दाखवितो.

कोर्लईचा किल्ला ही आमची पहिली मोठी चढण. समुद्रात घुसलेल्या एका चिंचोळ्या डोंगराच्या कण्यावर तो बांधलेला आहे. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला खुला समुद्र, पायथ्याशी दीपगृह. चढ फार नाही, तथापि दगड निसटते आहेत आणि सावली नाही. म्हणून उन्हे कलल्यावर चढावयाचे आणि सूर्यास्तापूर्वी उतरावयाचे. वर एका ख्रिस्तमंदिराच्या छप्पर उडालेल्या भिंती उभ्या आहेत. तेथे पवित्र माळेचे एक दशक म्हणावयाचे. रात्री स्थानिक धर्मगुरूंची परवानगी मिळाल्यास चर्चच्या आवारात राहुट्या. परवानगीचे पत्र आम्ही निघण्यापूर्वीच धाडीत आहोत.

सहाव्या दिवशी मुरूड. जंजिऱ्याचे दर्शन किनाऱ्यावरूनच घेऊ. मग आगरदांड्याची जंगलजेटी, दिघी, दिवेआगर, श्रीवर्धन आणि संध्याकाळी हरिहरेश्वर. हे आपल्या हिंदू बांधवांचे पूज्य क्षेत्र आहे. डोंगराच्या समुद्राकडील अंगाने त्यांच्या प्रदक्षिणेची वाट जाते. लाटांनी कातळ कोरून काढलेले तेथील आकार पाहून निर्मात्याची थोरवी मनात भरते. सातव्या दिवशी षष्ठी. ओहोटी साडेदहाच्या आसपास. गावकरी जा म्हणाले तरच त्या वाटेने, पादत्राणे व बोलणे दोन्ही आवरून, दुसऱ्याच्या देवघरातून जावे तसे जावयाचे. भरती असताना त्या कातळांवर उतरणे म्हणजे जिवावर उदार होणे. शेवाळ निसरडे असते आणि लाट सांगून येत नाही. दुपारी बागमांडल्याहून खाडी ओलांडून वेश्वी, आणि तेथून बाणकोटच्या किल्ल्यावरून वेळास.

वेळास हे नाना फडणविसांचे मूळ गाव. आज त्याचे नाव सर्वत्र झाले ते कासवांमुळे. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन तेथे काम आरंभिले. तोवर किनाऱ्यावरील कासवांची अंडी माणसे आणि कुत्री-कोल्हे फस्त करीत असत. समुद्रकासवाची मादी रात्री वाळूत येऊन खड्डा करते, शंभराच्या आगेमागे अंडी घालते आणि खड्डा बुजवून परत जाते. गावकरी ती अंडी अलगद काढून कुंपणाच्या आत तशाच खड्ड्यात ठेवतात. सुमारे दीड ते दोन महिन्यांनी पिल्ले वर येतात आणि त्यांना समुद्राच्या वाटेला लावले जाते. फेब्रुवारीत पिल्ले दिसतील किंवा न दिसतील. मार्चमध्ये ती अधिक दिसतात. न दिसली तरी काही बिघडत नाही. जी माता आपल्या लेकरांचे तोंड कधी पाहत नाही, तिच्या लेकरांसाठी रात्री जागणारी माणसे तरी दिसतील. तेथे राहुटी नाही, दिवा नाही, गाणे नाही. उजेडाने पिल्ले वाट चुकतात आणि पाण्याऐवजी जमिनीकडे सरकतात. मुक्काम गावकऱ्यांच्या घरी, जेवण त्यांच्या हातचे, पैसे त्यांच्या पदरी. आठवा दिवस तेथेच. नवव्या दिवशी महाड-पनवेलवरून नाशिक, दहाव्या दिवशी घर.

राहुटीचे नियम

राहुटीत राहणे म्हणजे मौज, असे तरुणांना वाटते. ती मौज आहेच, पण तिला शिस्त आहे. ग्रामपंचायतीची वा जागेच्या धन्याची परवानगी घेतल्यावाचून खुंटी ठोकू नये. वाळूवर शेवाळ, शिंपले आणि काटक्या यांची जी रेघ असते ती शेवटच्या भरतीची खूण. तिच्या बरेच वर, पुळण संपून माती लागते तेथे जागा पाहावी. उधाणाच्या रात्री ती रेघही पुरत नाही. सुकलेल्या ओहोळात राहू नये. नारळाच्या झाडाखाली तर कदापि नाही. नारळ पडताना खाली कोण निजले आहे हे पाहत नाही! सुरूच्या बनात सावली गोड असते, परंतु तेथील वाळलेल्या पात्यांना एक ठिणगी पुरते, म्हणून शेकोटी नको. कृष्णपक्षात चंद्र उशिरा उगवतो, यास्तव राहुट्या दिवसाउजेडी उभारावयाच्या. मुलींच्या राहुट्या मध्ये, त्यांच्याजवळ आमच्याबरोबर येणाऱ्या धर्मभगिनी आणि दोन विवाहित जोडपी. ही व्यवस्था कागदावर पाहिल्यानंतरच आयांनी मुलींना संमती दिली. आम्ही त्या आयांचे आभारी आहोत. त्यांचा नकार नसता तर ही व्यवस्था कोणाला सुचली नसती.

गाडी वाळूत उतरवावयाची नाही. ती रुतते, आणि भरती तिची वाट पाहत थांबत नाही. शिवाय वाळूखाली जीव असतात. केरकचऱ्याविषयी आमच्या मुलांना वेगळे सांगावे लागले नाही. इंदूर २०१७ पासून वर्षानुवर्षे देशातील स्वच्छ नगरांत पहिले ठरत आले आहे, आणि ओला कचरा एकीकडे व सुका दुसरीकडे हे येथील लहान मूलही जाणते. पण घरच्या रस्त्यावर पाळलेला नियम परक्या गावी पाळतो तोच खरा स्वच्छ मनुष्य. जेवढे नेऊ तेवढे रिकामे डबे परत आणू.

सामान थोडे : पाण्याचे पिंप, मीठ-साखरेची पुडी, जखमेचे औषध, शिट्टी, जाड दोर, विजेरी, टोपी, आणि ज्यांच्याकडे नाहीत त्यांना बूट. खर्चाची वर्गणी सर्वांना सारखी ठेवलेली नाही. ज्याला जेवढे जमेल तेवढे त्याने बंद पाकिटात द्यावयाचे. ज्याच्यापाशी काही नाही त्याने भांडी घासण्याची पाळी अधिक घ्यावी असेही नाही. भांडी सर्वांनीच घासावयाची, आम्हीसुद्धा.

समुद्राची ओढ

आता जे सांगावयाचे ते जड अंतःकरणाने. २०१६ सालच्या १ फेब्रुवारी रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याच्या एका महाविद्यालयाचे चौदा विद्यार्थी बुडून मरण पावले. फेब्रुवारीचा दिवस, सहलीची वेळ, तरुण मुले. आम्ही ज्या महिन्यात, ज्या किनाऱ्याने जाणार, तोच महिना, तोच किनारा. त्या घरांतील आयांचे दुःख मनात ठेवल्यावाचून आम्ही एकही ओळ आखलेली नाही.

समुद्र कसा ओढतो हे मुलांना नीट समजले पाहिजे. लाटा पाणी किनाऱ्यावर आणून टाकतात. ते पाणी परत जाते, आणि पुष्कळदा एखाद्या अरुंद पट्ट्यातून जोराने जाते. त्या पट्ट्यात लाटा फुटत नाहीत, पाणी शांत आणि थोडे काळसर दिसते. अजाण माणूस शांत जागा पाहून नेमका तेथेच उतरतो. ओढ लागली म्हणजे किनाऱ्याच्या दिशेने हातपाय मारून दमतो आणि बुडतो. अशा वेळी घाबरू नये, ओढीशी झुंजू नये. किनाऱ्याला समांतर असे बाजूला पोहत जावे. पट्टा अरुंद असतो, त्याबाहेर पडले की लाटाच परत आणतात. काठावरच्याने पाठोपाठ उडी घेऊ नये. दोर, डबा, फळी, जे तरंगेल ते फेकावे आणि ओरडून माणसे बोलवावीत. एकाला वाचविण्यास गेलेले दुसरे-तिसरे बुडतात असे वारंवार घडते.

आमचा नियम तर याहून साधा आहे. गुडघ्यापलीकडे कोणी जावयाचे नाही, ओहोटी लागली असता पाण्यात मुळीच नाही, सायंकाळनंतर नाही, आणि गावातील कोळी नको म्हणाला की त्यावर चर्चा नाही. मुलांनी विचारले, मग एवढ्या दूर जाऊन समुद्राचा आनंद तो काय? आम्ही त्यांना तिबिर्याच्या सरोवराच्या काठची ती पहाट आठवावयास सांगितली. शिष्य रात्रभर राबून रिकाम्या हाताने परतले होते, आणि पुनरुत्थित प्रभू काठावर निखारे पेटवून, मासळी भाजून, त्यांची वाट पाहत उभा होता. त्यांना प्रभू भेटला तो काठावर, न्याहारीच्या वेळी. काठावरही पुष्कळ आनंद असतो.

किनाऱ्यावरील बांधवांना विनंती

शेवटी, जी कुटुंबे हे साप्ताहिक समुद्राच्या काठी बसून वाचतात त्यांना आमची हात जोडून एक विनंती आहे. पाहुणा म्हणजे देव, त्याला दुखवू नये, असे आपले संस्कार. म्हणून शहरातून आलेली मुले भलत्या वेळी पाण्यात उतरताना दिसली तरी पुष्कळ जण संकोचाने गप्प बसतात. 'आपण काय सांगावे? ती शिकलेली माणसे.' वाचकहो, ती शिकलेली असतील, पण तुमच्या खाडीचे शिक्षण त्यांना मिळालेले नाही. तिथीची पाऊणपट त्यांना ठाऊक नाही. कोणत्या वळणावर पाणी ओढते हे तुमच्या घरच्या सात वर्षांच्या पोराला ठाऊक असते, ते त्यांच्या प्राध्यापकाला नसते. यास्तव बोला. एकदा ऐकले नाही तर दुसऱ्यांदा बोला. त्यांना राग आला तर येऊ द्या. नुसत्या एका शब्दाने कोणा आईचे लेकरू घरी परत जात असेल, तर तो शब्द म्हणजे प्रार्थनाच आहे.

आणि माघाच्या वद्य पक्षात सतरा आसनांची एखादी गाडी तुमच्या वाडीत थांबली, आतून हिंदी वळणाची मराठी बोलणारी मुले उतरली आणि त्यांनी प्रथम पाण्याकडे न धावता तुमच्या दारी येऊन 'काका, आज ओहोटी किती वाजता?' असे विचारले, तर ती आमची तुकोगंजची मुले समजा. त्यांना खरी वेळ सांगा, आणि जमल्यास घोटभर चहा द्या.